फिरत्या मोटारीच्या पोटात डोकावताना

अंबडकडच्या मोसंबीच्या बागेत सौरपंप चालू असताना ढग आला, तरी बोअरमधली मोटार लगेच बंद पडत नाही. तिचा वेग उतरतो, पाण्याची धार बारीक होते. ऊन पडलं की धार पुन्हा जोर धरते. हे सांभाळते ती पॅनेलखालच्या कंट्रोलरमधली चिप: सिग्नल प्रोसेसर (झटपट आकडेमोड करणारी चिप), नाहीतर त्याच कुळातला मायक्रोकंट्रोलर (यंत्र चालवणारा चिपवरचा छोटा कॉम्प्युटर).

पॅनेल देतं डीसी, मोटारीला लागतो थ्रीफेज एसी. सहा इलेक्ट्रॉनिक स्विच ती डीसी सेकंदाला हजारो वेळा कापून तीन फेज घडवतात. सेकंदाला १०,००० वेळा कापायचं, तर एका फेरीला मिळतात १०० मायक्रोसेकंद. तेवढ्यात करंट मोजायचा, हिशेब करायचा, स्विचना पुढचा हुकूम द्यायचा. गुणाकार करून बेरजेत टाकणं हे काम या चिपा एका झटक्यात करतात, म्हणूनच त्या इथे आल्या.

प्रोग्राम लिहिणं त्यामानाने सोपं. चूक शोधणं अवघड, आणि माझ्या मते शिकणाऱ्या मुलांना हेच आधी दाखवायला हवं. एरवी आपण प्रोग्राम मध्येच थांबवतो, आकडे तपासतो, पुढे जातो. मोटार जोडलेली असताना असं थांबवलं, तर स्विचांची उघडझाप शेवटच्या हुकमावरच अडकून राहू शकते. मग वाइंडिंगला, म्हणजे मोटारीतल्या तारेच्या गुंडाळीला, एसीऐवजी नुसता डीसी मिळतो. वाइंडिंगचा रोध अगदी कमी, त्यामुळे करंट भडकतो आणि संरक्षण नसेल तर महागडे स्विच क्षणात फुटतात.

यावर टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या सी२००० चिपांमध्ये फार सुंदर सोय आहे. मुख्य प्रोग्राम थांबवला तरी मोटार सांभाळणारा तातडीचा भाग चालूच ठेवता येतो. जेटॅग नावाच्या जोडणीतून (तिचं प्रमाणक १९९० चं) कॉम्प्युटर चिपची मेमरी वाचत राहतो. करंटचा आलेख पडद्यावर सरकतो, वेगाचा आकडा तिथूनच बदलता येतो, आणि मोटार फिरतच असते.

ही जोडणी आयसोलेटेडच हवी, म्हणजे बोर्ड आणि कॉम्प्युटर यांच्यात विजेचा थेट संबंध नको. पॉवर बोर्डावर शेकडो व्होल्ट असतात. ते लॅपटॉपपर्यंत, आणि लॅपटॉपवर हात ठेवणाऱ्यापर्यंत पोचू शकतात. सुरुवात २४ व्होल्टच्या छोट्या मोटारीवर, करंटला मर्यादा घातलेल्या सप्लायवर करावी.

टेबलावर ढग आणायचा तर सप्लायचं बटण हळूहळू खाली फिरवायचं. व्होल्टेज उतरताना वेगाची रेषा सावकाश खाली आली पाहिजे. ती एकदम शून्यावर आपटली, तर तो कंट्रोलर अजून शेतात न्यायचा नाही.