हंसांची पायकडी आणि शहरी हंसांचे स्थानांतर

शहरातले तलाव, बागा, गोल्फची मैदाने, विमानतळ अशा ठिकाणी वाढलेले हंस पकडून दूर नेऊन सोडायचे, सोडण्याआधी त्यांच्या पायात क्रमांकाची धातूची कडी घालायची आणि पुढे तो पक्षी कुठे दिसतो, परततो की तिथेच रमतो, मेला तर कुठे मेला याची नोंद ठेवायची, अशी ही पद्धत. ती मुख्यतः अमेरिका आणि कॅनडात, कॅनडा हंसांच्या (इंग्रजीत ‘कॅनडा गूज’) बाबतीत वापरली गेली. नागपुरात हंसांचा उपद्रव नाही. पण पकडलेला प्राणी दुसरीकडे नेऊन सोडणे हा उपाय विदर्भाच्या ओळखीचा आहे, आणि त्या उपायाची खरी परीक्षा हंसांच्या पायांतल्या कड्यांनी घेतली आहे.

पक्ष्यांच्या पायात क्रमांक कोरलेली कडी शिस्तीने घालण्याची सुरुवात १८९९ मध्ये डेन्मार्कमधील व्हिबोर्गचे शिक्षक हान्स मॉर्टेन्सन यांनी स्टार्लिंग पक्ष्यांपासून केली. कॅनडात किंग्सव्हिल येथे जॅक मायनर यांनी १९०९ पासून बदकांना आणि पुढे हंसांना कड्या घातल्या. त्यांच्या कड्यांवर बायबलमधली वचने असत. भारतात बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीने १९२७ मध्ये धार संस्थानात हे काम सुरू केले. मोठा प्रकल्प मात्र १९५९ मध्ये, सालिम अली यांच्या नेतृत्वाखाली आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने उभा राहिला. कर्नाटकातील क्यासनूर जंगलात माकडतापाचा नवा विषाणू सापडला होता. तो रशियातील एका विषाणूचा नातलग निघाल्याने, उत्तरेकडून येणारे पक्षी गोचिड्यांमार्फत त्याला इकडे आणतात का, हा त्या वेळचा प्रश्न होता.

हंस शहरात आले कसे, ही कथा उलट्या क्रमाची आहे. कॅनडा हंसांची सर्वांत थोराड उपजात नामशेष झाली असे विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मानले जात होते. १९६२ मध्ये जीवशास्त्रज्ञ हॅरॉल्ड हॅन्सन यांना मिनेसोटातील रॉचेस्टर शहराच्या सिल्व्हर लेकवर तेच हंस सापडले. वीजकेंद्राच्या पाण्यामुळे तो तलाव हिवाळ्यातही गोठत नसे. त्यानंतर राज्याराज्यांनी हे हंस मुद्दाम नेऊन सोडले, वाढवले. आखूड कापलेले गवत, लगत पाणी, शिकारी प्राणी नाहीत आणि बंदूक चालवायला बंदी, एवढे मिळाल्यावर त्यांनी शहर सोडण्याचे कारणच उरले नाही. काही दशकांतच विष्ठा, घरट्याजवळ जाणाऱ्यांवर हल्ले आणि विमानांचा धोका यांमुळे तेच हंस बाहेर नेण्याची मोहीम सुरू झाली. १५ जानेवारी २००९ रोजी न्यूयॉर्कहून निघालेले विमान हंसांच्या धडकेनंतर हडसन नदीत उतरवावे लागले. इंजिनांत सापडलेल्या पिसांच्या तपासणीतून ते हंस शहरातले नव्हे, तर लॅब्राडोरकडून आलेले स्थलांतरित निघाले. तरीही नंतरच्या मोहिमांत न्यूयॉर्कमधले स्थानिक हंस मोठ्या संख्येने मारले गेले. कुठला पक्षी कुठला, हे आधी ओळखण्याची गरज याहून स्पष्ट दाखवणारे उदाहरण सापडणे कठीण.

पकडण्याचा हंगाम हंसच ठरवतात. जून-जुलैत त्यांची उड्डाणाची सगळी पिसे एकदम गळतात आणि नवी येईपर्यंत सुमारे महिनाभर त्यांना उडता येत नाही. पिल्लांच्या पंखांतही अजून बळ नसते. माणसे होड्यांतून पाण्यावरचा थवा हळूहळू काठाकडे हाकतात, काठावर जाळीच्या चौकटींचा कोंडवाडा तयार असतो, आणि गुरे वळवावीत तसे हंस आत वळवले जातात. घाई केली तर पिल्ले चेंगरतात, म्हणून अनुभवी माणसे इथे फार बोलत नाहीत, हातही उंचावत नाहीत. मग एकेक पक्षी पंख मिटवून बगलेत धरायचा, नर-मादी तपासायची, वय लिहायचे आणि पायाच्या नळीवर अ‍ॅल्युमिनियमची कडी विशिष्ट पकडीने बंद करायची. कडीची दोन टोके नीट जुळली पाहिजेत, फट राहिली तर तीत गवत किंवा दोरा अडकतो. कडी नळीवर मोकळी फिरली पाहिजे, पण पंज्यावरून निसटता कामा नये. पिल्लाला कडी घालताना त्याचा पाय वाढून किती जाड होईल याचा अंदाज घ्यावा लागतो.

धातूच्या कडीवरचा बारीक क्रमांक लांबून वाचता येत नाही. पक्षी पुन्हा हाती लागला, मेलेला सापडला किंवा शिकाऱ्याने मारला, तरच तो कळतो. म्हणून मोठ्या अक्षरांचे रंगीत प्लास्टिकचे गळपट्टे आले; दुर्बिणीतून ते शेकडो मीटरवरून वाचता येतात. पण कडाक्याच्या थंडीत गळपट्ट्यावर बर्फ साचतो. आता जीपीएसचे सौरऊर्जेवर चालणारे टॅग मोबाइल नेटवर्कच्या टापूत आले की साठवलेली ठिकाणे पाठवून देतात. यंत्राचे वजन पक्ष्याच्या वजनाच्या सुमारे ३ टक्क्यांच्या आत ठेवावे असा संकेत आहे. दोन-तीन किलोच्या हंसाला हा हिशेब ६० ते ९० ग्रॅम बसतो. टॅग महाग, म्हणून मोजक्याच पक्ष्यांना. साधी कडी स्वस्त, म्हणून हजारोंना. अजूनही दोन्ही लागतात.

या नोंदींतून सर्वांत महत्त्वाची गोष्ट कळली ती अशी, की प्रौढ हंस परततात. एकदा जिथे घरटे केले तिथे ते शेकडो किलोमीटरवरूनही येतात, आणि पिसे फुटली की मोहिमेचा खर्च पाण्यात जातो. पिल्लांचे तसे नसते. हंसाचे पिल्लू वाट आईबापांबरोबर उडून शिकते आणि जिथे पहिल्यांदा पंख पसरते त्या जागेशी बांधले जाते. म्हणून उडू लागण्याआधी, आईबापांशिवाय हलवलेली पिल्ले बहुधा नव्या ठिकाणीच राहतात. हे कुटुंब तोडणे आहे, आणि स्थानांतराला सरसकट दयाळू उपाय म्हणणाऱ्यांनी ते लक्षात घ्यायला हवे. जे हंस वर्षभर एकाच ठिकाणी असतात असे वाटे, त्यांच्याही हालचाली कड्यांनी उघड केल्या. इंग्लंडमध्ये माणसांनी आणलेले यॉर्कशायरचे कॅनडा हंस पिसे गाळायला थेट स्कॉटलंडच्या ब्यूली खाडीत जातात, हे कड्यांमुळेच कळले. आयुष्याचेही तसेच. १९६९ मध्ये ओहायोत कडी घातलेली एक मादी २००१ मध्ये ओंटारिओत मारली गेली, तेव्हा ती ३३ वर्षांची होती.

नागपूरकरांना रानहंस बघायचा तर हिवाळ्यात उमरेडकडच्या पारडगाव, मकरधोकड्यासारख्या तलावांवर जावे लागते. पांढऱ्या डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला पट्टकदंब तिथे उतरतो, रात्री शेतांत चरतो आणि उन्हाळ्याआधी हिमालय ओलांडून मंगोलिया, तिबेटकडच्या तलावांवर परततो. २००५ मध्ये चीनच्या चिंगहाई तलावावर बर्ड फ्लूने हजारो पक्षी मेले, त्यांत पट्टकदंब सर्वाधिक होते. त्यानंतर भारतात ओडिशातील चिलिका आणि तमिळनाडूतील कुंथनकुलम येथे, तसेच मंगोलियातही, या हंसांना उपग्रह टॅग लावले गेले. एका पक्ष्याची ७,२९० मीटर उंचीवर नोंद झाली. मंगोलियात गळपट्टा घातलेले पट्टकदंब महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या तलावांवर दिसले आहेत, आणि ते वाचणारे बहुतेक जण कॅमेरा घेऊन पहाटे काठावर बसणारे हौशी पक्षिमित्रच आहेत. या कामात त्यांचा वाटा शास्त्रज्ञांइतकाच मोठा आहे.

फार्महाऊसवर दिसणारा, चोचीच्या मुळाशी गाठ असलेला पांढरा हंस मात्र पाळीव, चिनी जातीचा. तो नकोसा झाला म्हणून नागपूरच्या फुटाळा किंवा अंबाझरी तलावात सोडणे म्हणजे त्याला कुत्र्यांच्या तोंडी देणे होय.

रानपक्षी पकडून कडी घालायला वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते. महाराष्ट्रात ते कार्यालय नागपूरच्या वनभवनात आहे. स्थानांतर आणि मागोवा एकत्र करण्याचे जवळचे उदाहरण गिधाडांचे. हरियाणातील पिंजोर केंद्रात वाढवलेली गिधाडे २०२४ च्या जानेवारीत पेंच आणि ताडोब्यात आणली गेली, जागेची सवय व्हावी म्हणून आधी मोठ्या पिंजऱ्यात ठेवली गेली आणि टॅग लावून सोडली गेली. ताडोब्यातले एक तमिळनाडूपर्यंत पोहोचल्याचे त्या टॅगमुळेच कळले. खुणेशिवाय सोडलेल्या प्राण्याबद्दल ‘निसर्गात मुक्त केला’ एवढेच लिहिता येते. तो जगला की नाही याचे उत्तर कुणाकडेच नसते, आणि पुढच्या वेळी तीच चूक करायला सगळे मोकळे राहतात.

कडी किंवा गळपट्टा दिसल्यास रंग, अक्षरे-अंक, कोणता पाय (पक्ष्याचा डावा-उजवा, बघणाऱ्याचा नव्हे), तारीख, तलावाचे नाव आणि थव्यातली संख्या लिहून बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीला कळवावे. भारतीय कड्यांवर संस्थेला कळवा अशी सूचना कोरलेलीच असते. वाचण्यासाठी थवा उडवू नये. कडी असलेला पक्षी मेलेला आढळला तर बर्ड फ्लूच्या शक्यतेमुळे उघड्या हाताने उचलू नये. फोटो घेऊन वनखाते किंवा पशुसंवर्धन विभागाला सांगावे. क्रमांक अर्धवट दिसला तरी तो कळवण्यासारखा असतो, कारण वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या बाजूंनी काढलेल्या फोटोंतून पूर्ण क्रमांक जुळवता येतो.