ऑक्टेन अंक आणि मोटारसायकलीसाठी पेट्रोलची निवड

ऑक्टेन अंक : ठिणगीने चालणाऱ्या इंजिनात दाब आणि उष्णता वाढत असताना वेळेआधी आपोआप पेट न घेता टिकून राहण्याची पेट्रोलची क्षमता दाखवणारा अंक. पेट्रोलमध्ये ऊर्जा किती आहे, ते किती स्वच्छ आहे किंवा त्यावर गाडी किती पळेल, यांपैकी काहीही हा अंक सांगत नाही. पंपावर ‘साधे’ आणि ‘पॉवर’ असे दोन भाव दिसले की महाग ते जोरकस असा समज सहज होतो. मोटारसायकलीच्या बाबतीत तो बहुतेक वेळा चुकीचा असतो आणि त्यापायी चालकाचे पैसे विनाकारण खर्च होतात, म्हणून या नोंदीत अंकाचा अर्थ आणि त्याची मोजणी यांचा जरा विस्ताराने विचार केला आहे.

सिलिंडरमध्ये पिस्टन वर येताना हवा आणि पेट्रोलच्या वाफेचे मिश्रण दाबले जाते, प्लगची ठिणगी पडते आणि तेथून ज्योत पसरत जाते. ज्योत पुढे सरकते तसे पलीकडच्या कोपऱ्यात उरलेले, अजून न जळलेले मिश्रण आणखी दाबले जाऊन तापते. ज्योत तेथे पोहोचण्याआधीच ते एकदम पेटले, तर दाबाच्या लाटा सिलिंडरच्या भिंतींवर आणि पिस्टनच्या माथ्यावर आदळतात. यालाच नॉकिंग म्हणतात. गॅरेजमध्ये ‘इंजिन टकटक करतंय’ असे म्हणतात तेव्हा पुष्कळदा हेच अभिप्रेत असते. टकटक सुरू राहिली तर सिलिंडरच्या भिंतीलगतचा थंड वायूचा पातळ थर मोडतो, पिस्टनचा माथा तापतो आणि ॲल्युमिनियमवर सुईने टोचल्यासारखे बारीक खड्डे पडतात.

या घटनेचा शोध नेमका कोणाच्या नावे मांडावा, याबाबत एकमत नाही. केंब्रिज येथील बर्ट्राम हॉपकिन्सन यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातच नॉकिंग आणि अकाली प्रज्वलन (ठिणगीआधीच मिश्रण पेटणे) या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असे मानले होते, आणि त्यांचे विद्यार्थी हॅरी रिकार्डो यांनी पहिल्या महायुद्धाच्या सुमारास व त्यानंतर हा विषय पुढे नेला. संपीडन गुणोत्तर, म्हणजे सिलिंडरमधले मिश्रण किती पट दाबले जाते ते प्रमाण, चालू स्थितीत बदलता येईल असे ‘ई ३५’ नावाचे प्रयोगी इंजिन रिकार्डो यांनी बांधले आणि वेगवेगळी इंधने कोणत्या गुणोत्तरापर्यंत टिकतात हे त्यावर तपासले. अमेरिकेत याच काळात चार्ल्स केटरिंग आणि थॉमस मिजली हे अभियंते डेटन येथे दुसऱ्या वाटेने त्याच प्रश्नाकडे आले. केटरिंग यांच्या बॅटरीवर चालणाऱ्या प्रज्वलन पद्धतीवर टकटकीचा ठपका येत होता, आणि दोष ठिणगीचा नसून इंधनाचा आहे हे त्यांना दाखवायचे होते. इंधनाला रंग दिल्यास ते उष्णता शोषून लवकर वाफ होईल, या कल्पनेने मिजली यांनी हाताशी असलेले आयोडीन घालून पाहिले. टकटक थांबली, पण इतर रंग घातल्यावर ती थांबली नाही, तेव्हा गुण रंगाचा नव्हे तर पदार्थाचा हे स्पष्ट झाले. अमेरिकी ग्रंथ या कथेला सर्वाधिक जागा देतात आणि ब्रिटिश ग्रंथ रिकार्डो यांना. दोन्ही कामे बहुतांशी स्वतंत्रपणे चालली होती, आणि इंधनाच्या पद्धतशीर मोजणीचा विचार करता रिकार्डो यांचे काम अधिक पायाभूत वाटते.

९ डिसेंबर १९२१ रोजी मिजली यांच्या चमूला टेट्राएथिल लेड या शिशाच्या संयुगाचा गुण आढळला आणि फेब्रुवारी १९२३ मध्ये डेटन येथे शिसेयुक्त पेट्रोलची विक्री सुरू झाली. पुढच्याच वर्षी न्यू जर्सीतील बेवे येथे हे संयुग तयार करणारे कामगार विषबाधेने दगावले, तरी वापर थांबला नाही. रस्त्यावरील वाहनांसाठी शिसेयुक्त पेट्रोल विकणारा शेवटचा देश, अल्जेरिया, २०२१ मध्ये थांबला.

मोजपट्टीचा प्रश्न मात्र अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ ग्रॅहम एडगर यांनी सोडवला. १९२६–२७ च्या सुमारास त्यांनी दोन शुद्ध हायड्रोकार्बने निवडली : झटकन टकटक करणारे नॉर्मल हेप्टेन, त्याला शून्य, आणि टकटकीला दाद न देणारे आयसो-ऑक्टेन, त्याला १००. या जोडीत एक सोय होती. हेप्टेन सुमारे ९८ अंश आणि आयसो-ऑक्टेन सुमारे ९९ अंश सेल्सिअसला उकळते, त्यामुळे दोघांची बाष्पनशीलता जवळजवळ सारखी राहते आणि तुलनेत उरतो तो टकटकीचाच फरक. शुद्ध हेप्टेन त्या काळी कॅलिफोर्नियातील जेफ्री पाइन या झाडाच्या राळेतून मिळवत असत. एखाद्या पेट्रोलचा अंक ९१ आहे याचा अर्थ, ते ९१ भाग आयसो-ऑक्टेन आणि ९ भाग हेप्टेन यांच्या मिश्रणाइतकीच टकटक करते. त्यात ९१ टक्के ऑक्टेन आहे असा नव्हे. सरळ साखळीच्या नॉर्मल ऑक्टेनचा स्वतःचा अंक तर शून्याच्याही खाली जातो. नावामुळे झालेला हा घोटाळा आजही टिकून आहे.

मोजणीसाठी एक सिलिंडरचे प्रमाणित इंजिन १९२८–२९ च्या सुमारास अमेरिकेतील सहकारी इंधन संशोधन समितीसाठी वॉकेशा कंपनीने तयार केले. त्याचे डोके वरखाली करून संपीडन गुणोत्तर बदलता येते, आणि हीच रचना अजून वापरात आहे. यावर दोन पद्धती चालतात. संशोधन पद्धतीत इंजिन मिनिटाला ६०० फेऱ्यांवर आणि सौम्य तापमानात चालवतात. येथे मिळणारा अंक तो आरओएन. मोटार पद्धतीत ९०० फेऱ्या आणि सुमारे १४९ अंशांपर्यंत तापवलेले मिश्रण असते. तो अंक एमओएन. पेनसिल्व्हेनियातील युनियनटाउन येथील चढावर १९३२ साली घेतलेल्या रस्ताचाचण्यांतून प्रयोगशाळेतील अंक प्रत्यक्ष गाडीशी जुळत नाहीत असे दिसले, आणि अधिक कडक अशी मोटार पद्धत त्यातून आकाराला आली. एकाच पेट्रोलचा एमओएन त्याच्या आरओएनपेक्षा साधारण आठ ते दहाने कमी भरतो. सतत वरच्या फेऱ्यांवर तापून चालणाऱ्या मोटारसायकलीच्या दृष्टीने एमओएन अधिक बोलका आहे, पण पंपावर तो कोणी लिहीत नाही.

नॉकिंग म्हणजे न जळलेल्या वायूचे स्वयंप्रज्वलन, की ज्योतीतूनच उठणारी स्फोटलहर, हा वाद दीर्घकाळ चालला. १९३० च्या दशकात जनरल मोटर्सच्या प्रयोगशाळेत क्वार्ट्झच्या खिडकीतून घेतलेल्या वेगवान चलच्चित्रांत, ज्योतीच्या पुढे उरलेला वायू आपोआप पेटताना दिसला, आणि तेव्हापासून पहिले मत सर्वसाधारणपणे ग्राह्य धरले जाते. अतितीव्र नॉकिंगमध्ये स्फोटलहर उठू शकते हे मान्य असले, तरी दुचाकीवर कानी पडणाऱ्या टकटकीसाठी तिची गरज पडत नाही.

भारतात पंपावरचा अंक आरओएन असतो. अमेरिकेत मात्र आरओएन आणि एमओएन यांची सरासरी लिहितात. तेथील ८७ म्हणजे आपल्याकडचे साधारण ९१, आणि तेथील ९१ म्हणजे साधारण ९५–९६. न्यू जर्सीत किंवा कॅलिफोर्नियात राहणाऱ्या मराठी चालकाने तेथील गाडीच्या पुस्तिकेतला आकडा पुण्यातल्या पंपाशी ताडून पाहिला, तर इथले साधे पेट्रोल उगाच वरच्या दर्जाचे भासेल. युरोपीय पुस्तिकांतला ९५ हा आरओएनच असतो, त्यामुळे तो जसाच्या तसा लागू होतो.

भारतातील साध्या पेट्रोलचा किमान आरओएन १९९० च्या दशकात ८७ होता, नंतर तो ८८ झाला आणि भारत स्टेज ३ (वाहनांच्या प्रदूषणमानकांचा तिसरा टप्पा) पासून ९१. २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलसाठी तो ९५ आहे, त्याविषयी पुढे पाहू. शिसेविरहित पेट्रोल १ एप्रिल १९९५ पासून चार महानगरांत आणि १ फेब्रुवारी २००० पासून देशभर आले. शिसे नाहीसे झाल्यावर अंक राखण्याचा भार शुद्धीकरण कारखान्यातील प्रक्रियांवर आला, आणि अनेक ठिकाणी त्यासाठी नवे संच उभारावे लागले. वरच्या श्रेणीत ९५, हिंदुस्थान पेट्रोलियमचे ९९ आणि इंडियन ऑइलने डिसेंबर २०२० मध्ये आणलेले १०० ही पेट्रोले आहेत. शंभरी इंधनाचा दिल्लीतील सुरुवातीचा भाव साध्या पेट्रोलच्या जवळजवळ दुप्पट होता.

मोटारसायकलीची गरज : कोणत्या इंजिनाला किती ऑक्टेन लागते हे प्रथम संपीडन गुणोत्तरावर ठरते. मद्रासला १९५५ पासून तयार होऊ लागलेल्या जुन्या बुलेटचे गुणोत्तर सहा-सातच्या घरात होते. आजच्या क्लासिक ३५० चे ते ९.५ आहे, तर डुकाटी पानिगाले व्ही ४ चे १४. पहिल्या दोन्हींना ९१ पुरते, तिसरीसाठी कंपनी किमान ९५ सांगते. ‘दहाच्या आत साधे, दहाच्या वर प्रीमियम’ हा गॅरेजमध्ये ऐकू येणारा ठोकताळा मात्र कार्ब्युरेटरच्या काळातला आहे. द्रवशीतन, चार व्हॉल्व्हचे डोके आणि संगणकाने ठरवलेली ठिणगीची वेळ यांमुळे आज अकराच्या वरची अनेक इंजिने ९१ वर निर्धोक चालतात. उलट कावासाकी निंजा एच २ चे गुणोत्तर केवळ ८.५ असूनही तिला वरचे इंधन लागते, कारण सुपरचार्जर हवा आधीच दाबून आत ढकलतो.

सिलिंडरचा व्यासही महत्त्वाचा आहे, आणि या बाबतीत लहान दुचाकी नशीबवान ठरते. स्प्लेंडरच्या सिलिंडरचा व्यास ५० मिलिमीटर आहे, क्लासिक ३५० चा ७२. ज्योतीला जितके कमी अंतर कापायचे, तितका पलीकडच्या वायूला आपोआप पेटायला कमी वेळ मिळतो. बजाज पल्सरमध्ये २००३ साली आलेल्या दोन प्लगांच्या रचनेमागे हेच तत्त्व होते. वेळेचा हिशेब आणखी एका ठिकाणी कामी येतो : मिनिटाला ६,००० फेऱ्यांवर पिस्टनची एक खेप ५ मिलिसेकंदांत संपते, २,००० फेऱ्यांवर तिला १५ मिलिसेकंद लागतात. त्यामुळे टकटक वेगात पळताना सहसा होत नाही. ती ऐकू येते ती ताम्हिणी किंवा वरंध घाटाच्या चढावर, मागे माणूस बसलेला असताना, गिअर न उतरवता ॲक्सिलरेटर पिळल्यावर. पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखा तो कोरडा आवाज गिअर एकाने खाली घेताच थांबला, तर नॉकिंगच समजावे. टॅपेटचा (व्हॉल्व्ह ढकलणाऱ्या भागाचा) आवाज गाडी उभी असतानाही फेऱ्यांबरोबर येतो, भार कमी केल्याने जात नाही. हा फरक न ओळखता पेट्रोल बदलणारे बरेच असतात.

विदर्भातला मे महिना, सिलिंडरच्या थंडाव्यासाठीच्या पात्यांवर थापलेला चिखल आणि पिस्टनवर साचलेला काजळीचा थर या तिन्हींनी इंजिनाची ऑक्टेनची भूक वाढते. काजळी जागा अडवून गुणोत्तर वाढवते, शिवाय तिचे तापलेले कण ठिणगीविनाच मिश्रण पेटवतात. उंचीवर उलटे होते : लेह सुमारे ३,५०० मीटरवर आहे, हवा विरळ असल्याने सिलिंडर कमी भरतो आणि गरज घटते. त्यामुळे लडाखला निघालेल्या स्वाराने खारदुंगच्या चढासाठी शंभरी पेट्रोल शोधण्यात अर्थ नाही.

पुस्तिकेत किमान ९१ लिहिलेल्या गाडीत ९९ घातले तर काय होते? बहुसंख्य भारतीय दुचाकींत नॉकिंग ओळखणारा सेन्सर नसतो, म्हणून इंजिनाला चांगले इंधन आले हे कळतच नाही आणि ठिणगीची वेळ ठरल्याप्रमाणेच राहते. वाढीव ऑक्टेन मग न वापरता जळून जाते. बीएमडब्ल्यू आर १२०० जीएससारख्या सेन्सर असलेल्या गाडीत परिस्थिती वेगळी असते. तेथे कमी अंकावर ठिणगी मागे सरकते आणि जोर थोडा घटतो, म्हणजे वरच्या इंधनाचा फरक खरोखर पडतो. प्रीमियम पेट्रोलमधील स्वच्छताद्रव्यांचा लाभ असू शकतो, पण त्याचा ऑक्टेनशी संबंध नाही.

इथेनॉलचा आरओएन सुमारे १०८ आहे आणि बाष्पीभवन होताना ते मिश्रण चांगलेच थंड करते, त्यामुळे २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलसाठी भारतीय मानकात किमान आरओएन ९५ ठेवला आहे. त्याच वेळी इथेनॉलच्या लिटरमध्ये पेट्रोलच्या दोन-तृतीयांशच ऊर्जा असते. अंक वाढला आणि ॲव्हरेज घटले, असा विरोधाभास वाटणारा अनुभव त्यातून येतो. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यात, १० टक्क्यांसाठी जुळवलेल्या दुचाकींचे ॲव्हरेज या मिश्रणावर ३ ते ४ टक्क्यांनी घटेल असा अंदाज दिला आहे. जुन्या गाडीतील रबरी नळ्या, सील आणि कार्ब्युरेटर यांना इथेनॉल सोसते की नाही हा प्रश्न निराळा आहे, आणि वरच्या अंकाचे पेट्रोल घेतल्याने तो सुटतो असे मानू नये.

किमान ९५ लागणारी गाडी घेऊन आडगावात पोहोचल्यावर ९१ चेच पेट्रोल मिळाले, तर टाकीतल्या उरलेल्या इंधनाचा विचार करावा. अंक जवळजवळ प्रमाणात मिसळतो : ९९ चे चार लिटर आणि ९१ चे चार लिटर मिळून सुमारे ९५ होतात. टाकी रिकामी असेल तर गरजेपुरते दोन-तीन लिटरच भरावे, पुढच्या मोठ्या गावापर्यंत खालच्या फेऱ्यांवर इंजिन ओढू देऊ नये आणि चढावर गिअर वेळेत उतरवावा.