कॅबिनेटच्या पत्र्यात कोरलेली जाळी

संभाजीनगर, लातूर, नांदेड, कुठल्याही शहरातल्या नव्या वसाहतीतून फिरा. गेटवर कापलेल्या पत्र्याची नक्षी दिसणारच. मोर, वेलबुट्टी, गणपती, कुठे ठसठशीत आडनाव. हीच कारागिरी आता हौशी मुलं कॉम्प्युटरच्या कॅबिनेटवर करून घेऊ लागली आहेत. बाजूचं पॅनल काढायचं, संभाजीनगरच्या वाळूज नाहीतर चिकलठाणा एमआयडीसीत लेझर कटिंगचं जॉब वर्क घेणारा गाठायचा आणि मनासारखं डिझाइन कापून घ्यायचं. प्रत्यक्ष कापायला काही मिनिटं पुरतात. डोकं लावावं लागतं ते त्याआधी, आणि ते लावण्यासारखं आहे. कारण या एका पत्र्यात प्रकाश, हवा आणि रेडिओलहरी या तिघांचंही विज्ञान गुंतलेलं असतं.

आधी कापणाऱ्या किरणाबद्दल. कॅबिनेटचा पत्रा बहुधा जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादाचा, अर्धा ते पाऊण मिलिमीटर जाडीचा असतो. तो कापायला फायबर लेझर वापरतात. समजा किरण एक किलोवॉटचा आहे आणि भिंगाने तो ०.१ मिलिमीटर व्यासाच्या ठिपक्यावर एकवटला. भर दुपारचं ऊन साधारण एवढीच शक्ती एका अख्ख्या चौरस मीटरवर ओततं. क्षेत्रफळांचा हिशेब मांडला तर त्या ठिपक्यावरची तीव्रता उन्हाच्या बारा कोटी पटींहून जास्त भरते. पोलाद क्षणात वितळतं आणि नोझलमधून दाबाने येणारा वायू तो रस खाली उडवून लावतो. हा वायू ऑक्सिजन असेल तर लोखंड जळतं, त्या जळण्याची उष्णता कापायला मदतच करते, पण कडेवर ऑक्साइडचा काळा थर बसतो आणि त्यावर पुढे रंग नीट धरत नाही. नायट्रोजन असेल तर कड स्वच्छ, चकचकीत निघते. पातळ पत्र्यासाठी नायट्रोजनच मागावा, असं माझं मत आहे.

एक गोष्ट मात्र आधी विचारून घ्या. गेटचं काम करणाऱ्यांकडे कधीकधी लेझर नसतो, प्लाझ्मा (अतितप्त वायूच्या झोताने कापणारा) असतो. जाड पत्र्याला तो उत्तम. पण त्याची कापरेघ रुंद असते आणि उष्णता आजूबाजूला पसरते, त्यामुळे कॅबिनेटचा पातळ पत्रा वाकडा होतो.

पॅनल अॅक्रिलिकचं असेल तर यंत्रच बदलावं लागतं. फायबर लेझरची तरंगलांबी सुमारे १.०७ मायक्रोमीटर असते आणि पारदर्शक अॅक्रिलिकमधून ती जवळपास तशीच पार निघून जाते. तिथे १०.६ मायक्रोमीटरचा कार्बन डायऑक्साइड लेझर लागतो. ही तरंगलांबी अॅक्रिलिक पुरती शोषून घेतं आणि कड पॉलिश केल्यासारखी गुळगुळीत येते. हा लेझर १९६४ साली अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये कुमार पटेल यांनी शोधला. जन्म बारामतीचा, अभियांत्रिकीचं शिक्षण पुण्याच्या सीओईपीत. आज गावोगावी ट्रॉफी आणि नेमप्लेटच्या दुकानांत त्यांचाच शोध दिवसभर चालू असतो, याचं मला फार अप्रूप वाटतं. मात्र पीव्हीसीची शीट या यंत्राखाली कधीही देऊ नका. तिच्यातून हायड्रोजन क्लोराइड वायू निघतो, तो फुफ्फुसांना घातक आणि यंत्राला गंजवणारा. आणि पॅनल टफन काचेचं असेल तर कापायचा विचारच सोडा. तिचा पृष्ठभाग दाबाखाली आणि गाभा ताणाखाली धरलेला असतो; तो तोल कुठेही मोडला की सबंध काचेचा चुरा होतो.

आता डिझाइन. कागदावर चित्र काढणं आणि पत्र्यात चित्र कापणं यांत मुळातच फरक आहे. पत्र्यात कापलेलं तर जातंच, पण कापलेल्या रेषेने चहूबाजूंनी वेढलेला भागही तिच्याबरोबर खाली गळून पडतो. ‘मराठवाडा’ हा शब्द मोठ्या ठळक अक्षरात पत्र्यातून कापायचा आहे असं धरा. म च्या वरच्या भागातली चौकट शिरोरेघ आणि दोन उभ्या रेघांनी बंद झालेली असते, ती पडली. ठ चं पोट पडलं. व चं पोट पडलं. उरली तीन बेढब खिंडारं. शिरोरेघेने वेगळाच घोळ होतो. र आणि कान्याच्या मध्ये उरलेला पत्रा वरून सुटतो आणि फक्त खालून धरलेला राहतो. पातळ पत्र्याच्या अशा जिभा पंख्याच्या कंपनाने थरथरतात आणि पुसताना हात लागला की वाकतात.

यावर उपाय म्हणजे पूल. बंद पोटातला भाग बाहेरच्या पत्र्याला बारीक पट्टीने जोडून ठेवायचा, आणि शिरोरेघ मध्येमध्ये तोडायची. थ, ध आणि भ यांची शिरोरेघ मुळातच तुटलेली असते, त्यामुळे ती तुटलेली वाचायची सवय आपल्या डोळ्याला आहेच. अक्षरांतल्या पुलाची पट्टी दोन मिलिमीटरपेक्षा अरुंद ठेवू नये असं मी म्हणेन.

ही विद्या आपल्याकडे जुनी आहे. संभाजीनगरच्या बीबी का मकबऱ्यात कबरीभोवती अष्टकोनी संगमरवरी जाळी आहे. सतराव्या शतकातलं काम. ती जवळून बघा. वेलीचं प्रत्येक पान, प्रत्येक कळी कुठे ना कुठे शेजारच्या दगडाला चिकटलेली आहे. अधांतरी काहीच नाही. त्या कारागिरांनी भोकांऐवजी उरणाऱ्या दगडाचं चित्र काढलं होतं. पॅनलचं डिझाइन करताना नेमकं हेच करायचं असतं: उरणारा पत्रा काळा रंगवून बघायचा आणि काळा रंग सलग राहतो का ते तपासायचं.

डिझाइनमागे पंखा असेल तर हवेचा हिशेब येतो, आणि मराठवाड्यात तो टाळून चालत नाही. कॉम्प्युटर ३०० वॉट उष्णता टाकतो आणि पंखे सेकंदाला २५ लिटर हवा ओढतात असं समजा. तेवढी हवा आतून जाताना साधारण साडेदहा अंशांनी तापते. परभणीत मे महिन्याच्या दुपारी खोलीतच ३८ अंश असतील, तर बाहेर पडणारी हवा ४८-४९ अंशांची. डिझाइनने वाट अडवून हवा निम्मी केली तर ती ५९ वर जाते, आणि प्रोसेसर त्याच्याही कितीतरी वर. म्हणून पंख्यासमोर सुंदर पण गच्च चित्र नको. ४ मिलिमीटर रुंदीची षटकोनी भोकं, मध्ये १ मिलिमीटरची पट्टी, अशी जाळी ठेवली तर ६४ टक्के जागा उघडी राहते. तेवढ्याच व्यासाची गोल भोकं तेवढ्याच अंतरावर मांडली तर ५८ टक्के. मधमाशीच्या पोळ्याचा आकार इथे नुसता शोभेचा नाही.

रेडिओलहरींचा मुद्दा फारसा कोणी सांगत नाही. धातूचं कॅबिनेट आतल्या सर्किटांचा रेडिओ-गोंगाट अडवून धरतं. बारीक भोकांतून तो फारसा निसटत नाही. लांब चिरेतून निसटतो, कारण इथे भोकाच्या क्षेत्रफळापेक्षा त्याची लांबी महत्त्वाची असते. चिरेची लांबी तरंगलांबीच्या निम्म्याच्या आसपास आली की ती चीर अँटेनासारखी वागते. २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायची तरंगलांबी साडेबारा सेंटिमीटर, म्हणजे सव्वासहा सेंटिमीटरची अखंड कापलेली शिरोरेघ त्या लहरींसाठी चांगलीच वाट झाली. काचेच्या पॅनलचे कॉम्प्युटर सर्रास चालतात, तेव्हा घाबरायचं कारण नाही. पण शिरोरेघ तुकड्यांत कापायला हे आणखी एक कारण मिळालं, आणि वायफायचा अँटेना त्या बाजूला असेल तर ते नक्की पाळा.

फाइल देताना फोटो चालत नाही. यंत्राला रेषा लागतात, त्यामुळे डिझाइन कोरलड्रॉसारख्या सॉफ्टवेअरमध्ये रेषांत उतरवून डीएक्सएफ (रेषांचा आराखडा साठवणारी फाइल) करून द्यावं लागतं. अक्षरं कर्व्हमध्ये, म्हणजे नुसत्या रेषांत, बदललेली हवीत, नाहीतर दुकानदाराच्या कॉम्प्युटरवर तो फाँट नसला की जोडाक्षरं फुटतात. एकावर एक पडलेल्या दुहेरी रेघा पुसा. त्या दोनदा कापल्या जातात आणि बिलातही दोनदा येतात. मापात प्रिंट काढून पुठ्ठ्यावर कापून बघितलं तर गळून पडणारे भाग घरीच कळतात.

पॅनलच्या दुमडलेल्या कडाही ध्यानात असू द्या. कापताना नोझल पत्र्यापासून जेमतेम एक मिलिमीटरवर धावतं. दुमड वर राहिली तर ते धडकतं. म्हणून दुमड खाली आणि मध्ये पत्र्याला आधार, असं मांडावं लागतं. ते जमत नसेल तर पॅनलला मोठी खिडकी पाडून, नक्षी वेगळ्या सपाट पत्र्यात कापून रिव्हेटने बसवणं सोपं.

रंग सगळ्यात शेवटी. रंगवलेला पत्रा कापला तर कडेचा रंग जळतो. आधी कापायचं, कानशीने बर (कडेला उरलेली धारदार कोर) काढायची, तेलकटपणा धुवायचा आणि मग पावडर कोटिंगला, म्हणजे रंगाची पूड बसवून भट्टीत भाजायला, द्यायचं. त्या भट्टीत तापमान १८० ते २०० अंश असतं, तेव्हा पॅनलचे प्लास्टिकचे क्लिप आणि रबर आधीच काढून ठेवा. घरी आणल्यावर हवा आत येते त्या बाजूला मागून बारीक डस्ट फिल्टर लावा, आणि उन्हाळ्यात तो दर पंधरवड्याला धुवा.