मुख्याध्यापकपद: ज्येष्ठतेचा नियम आणि निर्णयांची तयारी

महाराष्ट्रातील खाजगी माध्यमिक शाळांसाठी माध्यमिक शाळा संहिता होती, पण तिला कायद्याचे बळ नव्हते. त्यामुळे मुख्याध्यापक नेमताना संस्थाचालकांची मर्जी बरीच चाले. 1977 चा खाजगी शाळा कर्मचारी सेवाशर्ती अधिनियम आणि 1981 ची नियमावली यांनी ही मर्जी मोडली. पदवी, बी.एड., पदवीनंतर अध्यापनाचा पाच वर्षांचा अनुभव (त्यातील दोन वर्षे बी.एड.नंतरची) आणि सेवेचा समाधानकारक अभिलेख असलेल्या सर्वांत ज्येष्ठ शिक्षकालाच पद द्यावे, असे ठरले. अल्पसंख्याक संस्थांना मात्र मोकळीक राहिली. शिक्षकांना वशिल्यापासून वाचवणारा हा नियम गरजेचाच होता. पण प्रशासनाच्या प्रशिक्षणाची अट त्यात नव्हती, आणि दुखणे तिथेच आहे.

वर्षानुवर्षे गणित शिकवलेल्या शिक्षकाकडे एकाएकी वेतन देयके, बिंदुनामावली (आरक्षणानुसार पदांची नोंदवही), संचमान्यता (पटानुसार शिक्षकपदांची मंजुरी) आणि शिस्तभंगाची प्रकरणे येतात. सतत गैरहजर राहणाऱ्या शिक्षकाचेच पाहा. मुख्याध्यापक वर्षभर तोंडी समज देतो. तारखेसह मेमो, त्यावरचा खुलासा, हजेरीपटाची प्रत यांतले काहीच फाइलला लागत नाही. पुढे बडतर्फीपर्यंत वेळ आली, की त्रिसदस्यीय चौकशी समितीपुढे पुरावा उरत नाही आणि शाळा न्यायाधिकरणात कारवाई टिकत नाही. निर्णय योग्य असूनही कागदाअभावी पडतो.

1 एप्रिल 2010 पासून शिक्षणहक्क कायदा लागू झाला आणि प्राथमिक शाळांत कामाचे स्वरूपच बदलले. शाळा व्यवस्थापन समितीत 75 टक्के पालक, एकूण सदस्यांत निम्म्या महिला आणि सचिव म्हणून मुख्याध्यापक! आता एकट्याने ठरवून चालत नाही. समग्र शिक्षा या केंद्राच्या योजनेचे संयुक्त शाळा अनुदान पटानुसार मिळते. 101 ते 250 पटाला कमाल 50,000 रुपये, त्यातले किमान 10 टक्के स्वच्छतेवर. वीजबिल भरायचे की गळके छप्पर दुरुस्त करायचे, हे समितीच्या ठरावानेच ठरवायला हवे. सह्या घरोघरी फिरवून ठराव लिहिला, तर पालक पुढच्या कामाला उभे राहत नाहीत.

नेतृत्वाच्या प्रशिक्षणाकडे लक्ष गेले ते उशिरा. दिल्लीत राष्ट्रीय शालेय नेतृत्व केंद्र स्थापन झाले 2012 मध्ये. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने मुख्याध्यापकांसाठीही वर्षाला 50 तासांच्या व्यावसायिक विकासाची अपेक्षा ठेवली. पण ज्येष्ठतेने पद मिळेपर्यंत अनेकांची 58 व्या वर्षीची निवृत्ती जवळ आलेली असते, आणि शाळा विकास आराखडा असतो तीन वर्षांचा. म्हणून हे प्रशिक्षण पद मिळण्याआधीच, ज्येष्ठता यादीतल्या पहिल्या दोन-तीन नावांना द्यायला हवे.