याद वाशेम आणि २७ निसानचा तिढा

अलिबाग, रेवदंडा, पेण भागातली बेने इस्रायली ज्यू कुटुंबं इस्रायलला नातेवाइकांकडे निघाली की जेरुसलेमचं याद वाशेम, म्हणजे नाझींनी केलेल्या ज्यूंच्या संहाराचं (होलोकॉस्टचं) स्मारक, बघायच्या ठिकाणांत असतंच. तिथे शनिवारी बंद, प्रवेश मोफत आणि दहा वर्षांखालच्या मुलांना मुख्य संग्रहालयात सोडत नाहीत, एवढं बहुतेकांना ठाऊक असतं. घोळ होतो तो या संहाराच्या स्मृतिदिनाचा. जगभर तो २७ जानेवारीला पाळतात, इस्रायलमध्ये मात्र एप्रिल-मेच्या सुमारास.

जानेवारीची तारीख २००५ मध्ये ठरली, म्हणजे अलीकडची. इस्रायलने आपली तिथी १९५१ मध्येच नक्की केली आणि ती सहजासहजी ठरली नाही. घेट्टोत, म्हणजे नाझींनी ज्यूंना कोंडलेल्या वस्त्यांत, लढलेल्यांना पोलंडमधल्या वॉर्साच्या घेट्टोतल्या उठावाचा दिवस हवा होता. तो उठाव सुरू झाला १९ एप्रिल १९४३ रोजी, हिब्रू पंचांगाने १४ निसान. पण तो नेमका वल्हांडण या ज्यूंच्या मोठ्या सणाचा आदला दिवस. त्या दिवशी घरोघरी सणाची तयारी चाललेली असते. शिवाय निसान हा आनंदाचा महिना, त्यात शोक करायचा नसतो, हे धर्मगुरूंचं म्हणणं. त्यांनी आधीच तेवेत महिन्यातल्या दशमीचा उपास या कामी नेमला होता. काही कर्मठ मंडळी तर म्हणत, सगळ्या संकटांचा शोक आव महिन्याच्या नवमीला होतोच, नवा दिवस कशाला? (ही नवमी म्हणजे आपल्याकडच्या बेने इस्रायलींचा बिरड्याचा सण.)

तोडगा निघाला २७ निसानचा. वल्हांडण आटोपलेलं आणि स्वातंत्र्यदिन आठवड्यावर आलेला. महिना मात्र निसानच राहिला, त्यामुळे धर्मगुरूंची नाराजी गेली नाही. रायगडावर राज्याभिषेक तारखेनेही होतो आणि तिथीनेही. तशी सोय तिथे कुणी काढली नाही. खरं तर पारडं लढवय्यांकडेच झुकलं. १९५१ च्या ठरावात दिवसाच्या नावातच उठाव होता आणि स्मारकाचा कायदा १९५३ मध्ये झाला तेव्हा त्याच्या नावातही हुतात्म्यांच्या जोडीला वीर होतेच. ज्यांना हत्यार उचलायची संधीच मिळाली नाही, ते लाखो लोक या नावांत मागे पडले. १९६१ मध्ये नाझी अधिकारी आइकमानवर चाललेल्या खटल्यात संहारातून वाचलेल्यांच्या साक्षी रेडिओवरून घराघरांत पोहोचल्या, तेव्हा कुठे सूर बदलू लागला.

आजच्या इमारतीत तो बदल दिसतो. २००५ मध्ये उघडलेलं हे संग्रहालय डोंगराच्या पोटातून आरपार जातं आणि शेवटी नामदालनात पोहोचतं. तिथे काळ्या पेट्यांतून साक्षीपत्रं ठेवलेली आहेत. एकेका माणसासाठी एकेक कागद: नाव, आईबाप, गाव, व्यवसाय, मृत्यू कुठे झाला, आणि खाली कागद भरणाऱ्याचं नातं नि सही. मारल्या गेलेल्या साठ लाख ज्यूंपैकी सुमारे ५० लाख नावं आतापर्यंत मिळाली आहेत. २००४ पासून ती इंटरनेटवरही शोधता येतात. लढलेले आणि न लढलेले असा भेद या कागदावर नाही, आणि माझ्या मते १९५१ च्या सगळ्या वादापेक्षा हा कागद शहाणा आहे.

तिथी हिब्रू असल्याने तारीख दरवर्षी सरकते. त्यातही २७ निसान शुक्रवारी आला तर दिवस गुरुवारी पाळतात, रविवारी आला तर सोमवारी, म्हणजे शब्बाथ, ज्यूंचा शनिवारचा विश्रांतीचा दिवस, मोडत नाही. आदल्या संध्याकाळपासून करमणुकीची ठिकाणं बंद असतात आणि सकाळी दहा वाजता दोन मिनिटं भोंगा वाजतो, तेव्हा हमरस्त्यावरच्या गाड्याही जागच्या जागी थांबतात. त्यामुळे तिकीट काढण्याआधी त्या वर्षीचं पंचांग पाहून घ्यावं.