रिपोर्ट बघून तेल बदलायला येणाऱ्यांसाठी

हल्ली रक्ताचा रिपोर्ट खिशात घेऊनच बरेच जण घाण्यावर येतात. "ट्रायग्लिसराइड वाढलंय, शुगर बॉर्डरवर आहे. शेंगदाणा बंद करून करडई घेऊ का?" काउंटरवर उभ्या उभ्या याचं उत्तर नीट देता येत नाही, म्हणून हा कागद.

डॉक्टर पाच गोष्टी बघतात. कमरेचा घेर पुरुषांत 90 सेंमी आणि बायकांत 80 सेंमी किंवा त्याहून जास्त, उपाशीपोटी साखर 100 किंवा वर, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) 150 किंवा वर, एचडीएल (चांगलं कोलेस्ट्रॉल) पुरुषांत 40 च्या आणि बायकांत 50 च्या खाली, बीपी 130/85 किंवा वर. यांतल्या कुठल्याही तीन जुळल्या की तो मेटॅबॉलिक सिंड्रोम, म्हणजे घेर, साखर, चरबी, बीपी यांचा एकत्र बिघाड. गोळी चालू असल्यामुळे आकडा नॉर्मल दिसत असला तरी ती गोष्ट मोजायचीच. अशा माणसाला हृदयविकाराचा धोका इतरांच्या साधारण दुप्पट असतो. घेर पँटच्या नंबरावरून धरू नका. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध टेप धरा, श्वास सोडा, मग वाचा.

आता तेलाचं. ट्रायग्लिसराइड वाढलं म्हणजे तेल जास्त झालं, असा सगळ्यांचा समज असतो. पण गरजेपेक्षा जास्त पोटात गेलेला भात, मैदा आणि साखर यांपासून यकृतच चरबी तयार करतं आणि रक्तात सोडतं. ती वाढली की चांगलं एचडीएल घटतं, एलडीएलचे (वाईट कोलेस्ट्रॉलचे) कण बारीक आणि जास्त त्रासदायक होतात. म्हणून तेल अगदी थेंबभर करून पोळ्या दोनाच्या चार केल्या, तर रिपोर्ट सुधारत नाही, कधी बिघडतोही. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) देशव्यापी पाहणीत भारतीयांच्या उष्मांकांपैकी सुमारे 62 टक्के कर्बोदकांतून येतात असं दिसलं, प्रथिनांतून जेमतेम 12.

उपवासाचंच बघा. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च. त्यापेक्षा थोडी भगर आणि वाटीभर दाण्याची आमटी बरी. रोजच्या ताटात भाताचा एक डाव कमी, मटकीच्या उसळीची एक वाटी जास्त. चार कप चहा, प्रत्येकी दोन चमचे साखर, म्हणजे दिवसाला 40 ग्रॅमच्या आसपास, आणि सरकारी मर्यादा 25 ची. दारू घेणाऱ्यांनीही लक्षात ठेवा, ट्रायग्लिसराइड तीही वाढवते.

मग तेल कोणतंही चालेल? नाही. खोबरेल, तूप, पामतेल यांतल्या संपृक्त चरबीने एलडीएल चढतं. रोजच्या फोडणीला शेंगदाणा, करडई, तीळ, मोहरी चांगली, आलटून पालटून वापरा. स्पेनमधल्या मोठ्या प्रयोगात (2013, दुरुस्त निष्कर्ष 2018) ऑलिव्ह तेल किंवा रोज मूठभर सुकामेवा घेणाऱ्यांना हृदयविकार आणि पक्षाघाताचे झटके सुमारे 30 टक्के कमी आले. ते लोक भाज्या, कडधान्यं आणि मासेही खात होते, हे विसरू नका. आपल्याकडे मूठभर शेंगदाणे आणि जवसाची चटणी सहज जमते, फक्त चटणीत मीठ बेताचं.

लाकडी घाण्याचं तेल आम्ही विकतो, चवीला आणि वासाला आम्ही हमी देऊ. पण ते औषध नाही, उष्मांक त्यातही ग्रॅममागे 9 च. आणि "कोलेस्ट्रॉल फ्री" हा शिक्का आमच्या बाटलीवर नाही, कारण कोलेस्ट्रॉल कुठल्याच वनस्पती तेलात सांगण्याइतकं नसतं.

राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2024 च्या सूचनांत 2000 उष्मांकांच्या आहाराला दिवसाला 27 ग्रॅम तेल-तूप धरलं आहे. त्या हिशेबाने चार मोठ्या माणसांच्या घरात 5 लिटरचा डबा सहा आठवडे जायला हवा, तोही तूप-लोणी न खाता. डब्यावर तारीख लिहून ठेवा. तळणीचं उरलेलं तेल पुन्हा पुन्हा तापवू नका.

चालू गोळ्या मनाने सोडू नका. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर डाळी आणि दाणे वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारा. आणि डब्याऐवजी अर्धा लिटर हवं असेल तर बिनधास्त मागा, भरून देतो.