ठप्प्याआधी की ठप्प्यानंतर?

परभणीला मामांच्या किराणा दुकानात गल्ल्यामागे श्रीखंडाचा एक रिकामा डबा असतो. गिऱ्हाइकाकडून वेडंवाकडं नाणं आलं की मामा ते त्यात टाकतात. दिवाळीला गेलो तेव्हा डबा माझ्यापुढे उपडा करून म्हणाले, "तू फिजिक्सचा मास्तर ना? सांग बरं, यातलं टांकसाळीत चुकलेलं कोणतं. व्हिडिओत एकेकाचे लाख रुपये म्हणायलेत."

लाखाचं सोडा. आमच्या नावावर जुन्या नोटा-नाण्यांचे सौदे करणाऱ्यांपासून सावध राहा, असं रिझर्व्ह बँकेनेच ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर केलं होतं. पण टांकसाळीची चूक कोणती आणि नंतरची मोडतोड कोणती, हे ओळखायला फारसं काही लागत नाही. एक भिंग, सराफाचा काटा आणि एकच प्रश्न: हे असं ठप्पा पडण्याआधी किंवा पडताना होऊ शकतं का? होत नसेल, तर ती मोडतोड.

धातूच्या लांब पट्टीतून आधी गोल चकत्या कापतात. त्या तापवून मऊ करतात आणि चहूबाजूंनी दाबून त्यांचा काठ उचलतात. मग चकती एका पोलादी कड्यात बसते आणि वरून-खालून दोन ठसे तिला दाबतात. धातू वितळत नाही, पण त्या दाबाखाली कणकेसारखा सरकतो आणि ठशातल्या खोल रेषांत शिरतो. म्हणजे ठशावर जे खोल, ते नाण्यावर उंच.

हे उलटं गणित डोक्यात बसलं की निम्मं काम झालं. डब्यात रुपयाचं एक नाणं होतं, आकड्यापासून काठापर्यंत केसाएवढी रेघ असलेलं. मामांच्या मते तो ओरखडा, म्हणून ते बाजूलाच सारलेलं. नखाने चाचपलं तर रेघ उंच लागली. ओरखडा खोल असतो आणि नांगराच्या तासाला असते तशी उकरलेली कड त्याच्या बाजूला राहते. इथे तसं काही नव्हतं. ठशालाच तडा गेला होता आणि धातू त्या भेगेत शिरला होता. म्हणजे ही टांकसाळीतली गोष्ट. सालाखाली चांदणी होती, तेव्हा टांकसाळ हैदराबादची, निजामाच्या काळात १८०३ साली सुरू झालेली. (मुंबईची खूण शंकरपाळीसारखा चौकोन, नोएडाची ठिपका, कोलकात्याची खूणच नसते.)

मामांचा जीव होता तो दोन कुरतडलेल्या रुपयांवर. दोघांचाही घास घेतल्यासारखा तुकडा गेलेला. पट्टी पुरेशी पुढे सरकली नाही की आधीच्या भोकावरच पुन्हा कापणी होते आणि चकती अशी चंद्रकोरीने कमी पडते. पण ग्राइंडरवरही तसा तुकडा सहज उडवता येतो. मग ओळखायचं कसं? तुटक्या भागाकडे बघूच नका, त्याच्या बरोबर समोरचा काठ बघा. काठ उचलताना चकती दोन बाजूंनी दाबली जाते. एका बाजूला धातूच नसेल तर समोरच्या बाजूवरही दाब बसत नाही आणि तिथला काठ पुसट, अर्धवट राहतो. एका नाण्याचा काठ समोर खरोखरच पुसट होता. दुसऱ्याचा ठणठणीत, वर कापलेल्या जागी अक्षर मधूनच छाटलेलं. खोडसाळाने तुकडा उडवला, समोरच्या काठाचा त्याला पत्ताच नव्हता. पहिलं नाणं सराफाच्या काट्यावर ठेवलं. या रुपयाचं ठरलेलं वजन ३.७९ ग्रॅम, भरलं ३.५. कमी वजनाने मात्र काही सिद्ध होत नाही, कारण घासलेलं नाणंही हलकंच भरतं.

एक दोनाचं नाणं पसरट, पापडासारखं झालेलं. पोलादी कडं नीट बसलं नाही तर ठप्पा पडताना धातू बाहेर पसरतो हे खरं, पण तेव्हा मधलं चित्र नेहमीच्याच मापाचं राहतं आणि कोरी जागा वाढते ती भोवती. इथे तर आकडाच ताणून लांब झाला होता. रेल्वेचं रूळ जवळ असलं की पोरं काय काय करतात ते सगळ्यांना माहीत आहे. (करू नये.)

दहाच्या नाण्याचं नुसतं पितळी रंगाचं कडं पाहून मामा फारच खूश होते. बाहेरचं कडं आणि मधली चंदेरी चकती एकमेकांत घट्ट बसतात ती ठप्प्याच्याच दाबाने. मधली चकती मुळात नसेल तर कड्याचा धातू आत सरकतो आणि भोक ओबडधोबड, लहान होतं. मामांच्या कड्याचं भोक नितळ गोल, एका बाजूला पंचाची खूण. कुणीतरी ठोकून काढलेलं.

सगळ्यात फसवा निघाला तो उलटा आकडा. एखादं नाणं ठशाला चिकटून राहिलं तर पुढच्या चकतीवर त्याचीच आरशातली, खोल प्रतिमा उमटते. अशा बाजूला त्या प्रतिमेशिवाय दुसरं काही नसतं. व्हाइसमध्ये दोन नाणी एकत्र आवळली तरी उलटा आकडा येतो, पण त्याच्याखाली मूळचं चित्र चेपलेलं दिसतंच, आणि पाठीमागची अक्षरंही चपटतात. मामांच्या नाण्यावर सिंहांची तोंडं सपाट झाली होती.

एवढं ऐकून मामी पेटीतून आजेसासूबाईंचा हाली रुपया घेऊन आल्या, निजामाच्या राज्यातला, चारमिनारवाला. हाली शिक्का १९५९ मध्ये बंद झाला. हा यंत्रावरचा, म्हणून हेच नियम त्यालाही लागतात. त्याआधीच्या हातठोक नाण्यांना लागत नाहीत. पैठण-तेरच्या सातवाहन नाण्यांपासून पुढे कित्येक शतकं ठसा हातोडीने मारत. अर्धी अक्षरं नाण्याबाहेर गेली तर ती तेव्हाची रीत, चूक नव्हे.

रुपयाच्या वरच्या कडेला करडा, ओबडधोबड डाग होता. माळेत ओवायची कडी बसवताना लावलेली डाख.

"म्हणजे ही मोडतोड?" मामींनी विचारलं. मी मान हलवली.

"मग कानसीने काढून टाकू का?"

"नको मामी, मग दोन मोडतोडी होतील."